धार

गेल्या वैशाखात कौलं परतायला माणसं आली, तेव्हा माळा रिकामा करावा लागला. खाली आलेल्या पसाऱ्यात बाबांची पत्र्याची ट्रंक होती. गिरणीत असताना मुंबईच्या खोलीवर ठेवायचे ती. कडी गंजून बसलेली, हातोडीनं ठोकून उघडली. आत फार काही नव्हतं. एक लांब सुरी, एक आखूड सुरी, एक सत्तूर, धार लावायचा दगड, काथ्याचा दोर, दोन लोखंडी आकडे. आणि तळाशी लाल फडक्यात गुंडाळलेली आणखी एक लांब सुरी. पहिल्या सुरीची सख्खी बहीण वाटावी अशी.

मुलगा पनवेलहून दोन दिवसांसाठी आला होता. म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाकू या. आता कोण वापरतंय हे?"

तो चुकीचं बोलला नाही. आमच्या नाक्यावर आता चिकनची तीन दुकानं आहेत. मटण हवं तर रेवदंड्याला जायचं, अर्धा किलो म्हणायचं आणि दुसरीकडे बघत उभं राहायचं. घरी बोकड कापणं जवळजवळ संपलं. तरी माझा हात त्या दगडावरून निघेना. एक प्रश्न माझ्या मनात तीस-पस्तीस वर्षं पडून आहे, तो त्या ट्रंकेसोबतच माळ्यावरून खाली आला. जीव मारून खायचा, तर त्याचं पाप कुणाचं? मारणाऱ्याचं की खाणाऱ्याचं? आणि हत्याराला धार असली किंवा नसली, तर त्यात काही फरक पडतो का?

आधी त्या लाल फडक्याचं सांगतो.

बाबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. त्यांच्या शेजारच्या साच्यावर वसईचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते. दोघांची दोस्ती पक्की. आमच्या घरचे पोहे आणि सुकट वसईला जायची, तिकडची वेलची केळी आमच्या खोलीवर यायची. नाताळच्या आधी त्यांच्या वाडीत डुक्कर कापत. घरच्या उष्ट्याखरकट्यावर वर्षभर पोसलेलं. त्या कामाला माणसं लागतात, म्हणून बाबा दर वर्षी जायचे. आम्ही आगरी. आमच्यात डुक्कर खात नाहीत. बाबा काम करायचे आणि जेवायला भात आणि मासळी घ्यायचे. त्या माणसांनी कधी आग्रह केला नाही आणि बाबांनी कधी नाक मुरडलं नाही.

एकदा, मी दहा-अकरा वर्षांचा असताना, मलाही नेलं होतं. डुकराला आदल्या दिवसापासून खायला काही दिलं नव्हतं, नुसतं पाणी. आतडी रिकामी असली तर साफ करताना घाण होत नाही. पहाटे चारला चुलीवर मोठा हंडा चढला. बोकडाचं कातडं सोलतात, डुकराचं सोलत नाहीत. त्याचे केस काढायचे असतात, आणि सगळं कौशल्य त्या पाण्यात असतं. पाणी कमी तापलं तर केस सुटत नाहीत. जास्त तापलं तर ते कातडीत असे धरून बसतात की मग काही केल्या निघत नाहीत. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजी हंड्याजवळ बसून होत्या. बोट झटकन बुडवायचं आणि काढायचं. दोनदा सोसलं आणि तिसऱ्यांदा नाही सोसलं की पाणी झालं. हत्यारं म्हणाल तर टोचायची अरुंद लांब सुरी, ऊब धरून ठेवायला ओली गोणपाटं, केस खरवडायला वाकवलेल्या पत्र्याचे तुकडे, टांगायला आकडे आणि झाडाची आडवी फांदी. पाय आणि डोकं आधी खरवडायचं, कारण ते लवकर गार पडतं. पोट फाडताना पातं बाहेरच्या बाजूला आणि त्याच्यामागे दोन बोटं आत, म्हणजे आतड्याला टोक लागत नाही. पित्ताची पिशवी फुटली तर सगळं कडू.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सुरीला. आदल्या संध्याकाळी ते गृहस्थ दगड घेऊन बसले ते तासभर उठले नाहीत. पाणी शिंपडायचं, सुरी ओढायची, उलटायची, पुन्हा ओढायची. मी विचारलं, "काका, किती वेळ?" ते म्हणाले, "जवरं लागेल तवरं." सकाळी मला घरामागे पाठवलं. एक मोठा आवाज ऐकला आणि मग काही ऐकलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वर्षभरानं बाबा ट्रंक घेऊन गावी आले ते परत गेले नाहीत. निघताना दोस्तानं आपली सुरी त्यांना दिली. तीच ही लाल फडक्यातली.

गावात बाबांच्या हाताला काम नव्हतं. खाजणातली दीड एकर भातशेती आणि सात माणसं. हळूहळू लोक बोलावू लागले. गटारी, नवस, राखण, कुणाकडे पाहुणे. बाबा बोकड साफ कापतात ही ख्याती झाली. पण पहिल्याच बोलावण्याआधी बाबांनी एक गोष्ट केली. वसईची सुरी नमुना म्हणून लोहाराकडे नेली आणि गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून तशीच दुसरी घडवून घेतली. आय म्हणाली, "एक हाय नं चांगली? पैसं कशाला घालवतंव?" बाबा म्हणाले, "ती डुकराला लागलेली हाय. जे खात नाय त्यांच्या ताटाला ती लागता नये. त्यांना कललं नाय तरी."

मला त्या वयात तो निव्वळ खुळेपणा वाटला. उकळत्या पाण्यानं धुतली की झालं. आज वाटतं, आपल्या पाठीमागे आपल्याशी कुणी कसं वागावं, हे ज्याच्याकडून शिकावं असा माणूस आमच्याच घरात होता.

बाबांचे नियम थोडे होते आणि पक्के होते. सुरी आदल्या रात्री लावायची आणि सकाळी पुन्हा बघायची. बघायची म्हणजे अंगठ्याच्या नखावर पातं हलकेच टेकवून टोकापासून मुठीपर्यंत न्यायचं. घसरलं तर धार नाही. मध्ये कुठे अडकलं तर खोच आहे. सुरी केळीच्या पानाखाली झाकून न्यायची, बोकडाला दिसता नये. एका बोकडासमोर दुसरा कापायचा नाही. पोरांनी हसायचं नाही. कापून झालं की चिंचेच्या ओंडक्यावर सत्तूरनं तुकडे. ओंडका चिंचेचाच हवा, कारण त्याची ढलपी निघून मटणात जात नाही. मग वाटे. सागाच्या पानांवर सारखे ढीग, प्रत्येकात थोडं काळीज, थोडा चाप, एखादी नळी, वजडीचा तुकडा. एक पोर पाठमोरं उभं करायचं, ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "यो कोनाचा?" आणि ते सांगेल त्याचा. बाबांना मुंडी मिळायची. त्यापेक्षा जास्त त्यांनी घेतलं नाही.

नखाचा हा नियम बाबांनी शोधलेला नव्हता. आमचा किनारा जुना आहे. जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे बेने इस्राएल राहत होते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. अलिबागेत इस्राएल आळी आजही आहे, माणसं बहुतेक इस्राएलला गेली. आमच्या आजोबांच्या वेळी शेजारच्या गावात त्यांची घरं होती. त्यांच्या धर्मात जनावर कापायच्या सुरीला केसाएवढीही खोच चालत नाही. कापण्याआधी आणि नंतरही पातं नखावरून फिरवून बघतात, खोच सापडली तर ते मांस खात नाहीत. आजोबांनी ते पाहिलं होतं आणि बाबांना सांगितलं होतं. मुसलमानांच्या हदीसमध्येही पैगंबरांची सांगणी आहे की सुरीला धार लावा आणि जनावराला त्रास देऊ नका. हे दोघंही डुक्कर शिवत नाहीत. वसईची ती आजी डुकरासाठी पाण्यात बोट घालून बसली होती. देव वेगळे, ताट वेगळं, पण सुरीजवळ आल्यावर सगळे एकच बोलत होते.

आता माझी गोष्ट.

१९९१ ची गटारी. बाबा तापानं फणफणलेले. दोन बोकड, २२ वाटे ठरलेले. लोक सकाळी सातला आमच्या पडवीत, पिशव्या आणि छत्र्या घेऊन. पाऊस असा की समोरचं फणसाचं झाड दिसत नव्हतं. मी चोवीस वर्षांचा, बाबांच्या हाताखाली पाच-सहा वर्षं काढलेला. म्हटलं, करतो मी.

सुरी हातात घेतली तेव्हाच कळलं. दोन दिवसांपूर्वी मीच तिनं पडवळाच्या मांडवासाठी बांबू तासले होते. नख लावलं, पातं घसरलं. दगड ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. लाल फडक्यातली सुरी तिथेच, धारदार, पण ती कुणासाठी नाही हे मला ठाऊक होतं. बाहेरून कुणी ओरडलं, "अरे आटप रं, भरती लागली का खाडीचं पानी वाटंवर येल!" मी शिडीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि गेलो.

एका ओढीत व्हायचं ते चार ओढींत झालं. जास्त सांगत नाही. पाय धरणारा पोरगा रडायला लागला आणि माणसं पावसाकडे बघायला लागली. कुणी मला एक शब्द बोललं नाही. वाटे झाले, सगळे आपापला वाटा घेऊन गेले.

दुपारी बाबांनी अंथरुणातून विचारलं, "आवाज आला तो." मी सगळं सांगितलं. म्हटलं, लाल फडक्यातली काढावी की नाही ते कळेना.

"ती नव्हतीच काढायची."

"मग काय करणार होतो? लोक खोळंबले होते."

बाबा भिंतीकडे वळले. म्हणाले, "लोकं थांबली असती. लोकांना थांब म्हनता येतं. त्याला कोन इचारनार व्हतं?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. जेवलो नाही म्हणून काही फिटलं असं नाही.

आयनं मात्र बाबांची बाजू कधीच पूर्ण घेतली नाही. तिनं लग्नानंतर काही वर्षांनी तुळशीची माळ घातली होती. बाबांसाठी ती मटण शिजवायची, स्वतः वरणभात खायची. त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून म्हणाली, "तुझा बापूस सांगतो धार लावली का झालं. धारेनं मेला तरी मेला तो मेलाच नं?" ती बोलली यात खोट काढता येत नाही. बोकडाला विचारलं असतं तर त्यानं चांगली सुरी मागितली नसती, दावं सोडायला सांगितलं असतं.

पुढे वाचनाचा नाद लागला, तेव्हा या प्रश्नावर थोरामोठ्यांनी काय म्हटलंय ते शोधत राहिलो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात घातक कोणकोण याची यादी आहे: संमती देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. आठही जण. ते वाचून मला विचित्र दिलासा वाटला. त्या ग्रंथातल्या पुष्कळ गोष्टी मला मान्य नाहीत, पण हा हिशेब आमच्या वाट्यांसारखा आहे. पिशवी घेऊन पडवीत उभ्या असलेल्या माणसाचाही त्यात वाटा आहे. आणि चुलीपुढच्या आयचाही, जिनं कधी एक तुकडा तोंडात घातला नाही.

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला जातो, तर हा बसलाय मांसाच्या दुकानात. तो सांगतो की डुकरं आणि रेडे दुसऱ्यांनी मारलेले असतात, मी फक्त विकतो, मारत नाही आणि खातही नाही. इतकं असून तो स्वतःला निर्दोष म्हणवत नाही. हे कर्म घोर आहे असंच म्हणतो. मला ते पटलं. आणि आय कीर्तनातून ऐकून आलेली गोष्ट सांगायची की तुकोबांनी देवानं ज्यांची कामं केली त्यांत सजन कसायालाही धरलं आहे, देव त्याच्याबरोबर मांस विकू लागला. ती हे सांगायची तेव्हा बाबांकडे बघायची नाही. पण सांगायची ती बाबा घरात असतानाच.

कारण बाबांना बोलणारे गावात होते. वाटा घ्यायला पहिले आणि "तो कापनारा" म्हणायलाही पहिले. बहिणीचं एक स्थळ याच कारणावरून मोडलं. त्या घरची माणसं मटण आवडीनं खात होती. हा वाट्याचा उलटा प्रकार झाला: मटण सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं आणि पाप एकाच्या पानावर टाकायचं.

आता तर तेही दिसत नाही. मोठ्या कत्तलखान्यांचं वाचतो. परदेशात डुकराला आधी विजेच्या झटक्यानं किंवा वायूनं बेशुद्ध करतात, मग सुरी. हे चांगलंच आहे. आपल्याकडेही २००१ च्या नियमांनुसार कत्तलखान्यात एका जनावरासमोर दुसरं कापायला मनाई आहे. बाबांचा नियम सरकारनं लिहून काढला म्हणायचा. पण शिकागोच्या कत्तलखान्यांतली डुकरांची रांग, जिच्यावर अप्टन सिंक्लेअरनं १९०६ साली 'द जंगल' ही कादंबरी छापली, ती साखळीवर पुढे सरकत राहायची आणि माणूस एका जागी उभा राहून दिवसभर एकच काप करायचा. हेन्री फोर्डनं मोटारी जोडायच्या रांगेची कल्पना अशाच कत्तलखान्यांतून घेतल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. गिरणीत बाबांना ठाऊक होतं की साचा आपल्यासाठी थांबत नाही. साखळीवर उभ्या असलेल्या माणसानं नख लावून पाहिलं आणि धार नाही असं दिसलं, तर तो कुणाला थांब म्हणणार?

मी इतक्या वर्षांनी एवढंच धरून आहे. आयचं खरं: मारणं ते मारणंच, धारेनं ते पुण्य होत नाही. बाबांचंही खरं: मारायचं ठरलं की त्यानंतर आपल्या हातात जे उरतं त्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे, आणि उरतो तो वेळ. अर्धा तास दगडावर बसणं. ज्याला मागता येत नाही त्याचं ते देणं. माझ्या हातून बोकड मेला हे आम्हा २२ घरांचं. चार ओढी मात्र माझ्या एकट्याच्या. आणि त्या सुरीमुळे झाल्या नाहीत, मला लोकांना थांबा म्हणायची लाज वाटली म्हणून झाल्या.

मी मटण सोडलं नाही. सोडणाऱ्यांना हसतही नाही. घरी कापलेलं असेल तर खातो. ज्या दिवशी धार लावायला जमणार नाही त्या दिवशी वरणभात.

ट्रंक भंगारात गेली, पत्रा सडलाच होता. हत्यारं ठेवली. मुलगा काही बोलला नाही, फक्त लाल फडक्याचं विचारलं. सांगितलं. तो बराच वेळ ती सुरी हातात धरून बसला आणि पुन्हा नीट गुंडाळून ठेवली.

यंदाच्या गटारीला वाडीतली पोरं आली. म्हणाली, "काका, दुकानातलं नको, सगल्यांनी मिलून बोकड आनू. तू येशील?" म्हटलं, येतो, पण वाटा ज्याला हवा त्यानं आधीपासून हजर राहायचं. पिशवी घेऊन मागाहून येणाऱ्याला वाटा नाही. पोरं हसली, पण आली. चौदा जण.

रात्री सुरी लावली होती. सकाळी केळीच्या पानाखालून काढली आणि त्यांच्यातल्या सगळ्यात लहान, जेमतेम अठरा वर्षांच्या पोराला नखावरून फिरवायला सांगितलं. त्यानं टोकापासून सुरुवात केली, सावकाश. मुठीच्या जवळ थांबला.

"काका, हितं अडकतंय."

मी पाहिलं. खरंच अडकत होतं. पाऊस सुरू झाला होता आणि मागे कुणीतरी घड्याळ बघत होतं. आम्ही दोघं दगड घेऊन पुन्हा खाली बसलो. लोकं थांबली.